बारीक वायर, बदलायची

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनवर पाचव्या मिनिटाला माझा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला झापतानाचा होतो, असं तुझ्या नवऱ्याचं म्हणणं. तेहतीस वर्षं जळक्या मोटारींच्या तारा उसवून पुन्हा गुंडाळल्यावर दुसरं काय होणार! म्हणून आज कागद घेतला. इथे मला कोणी मध्येच तोडू शकत नाही, तूसुद्धा.

पहिली बातमी म्हणजे तुझं यंत्र सुखात आहे. हातात धरता न येणारी ती डिजिटल नाणी खणून काढणारं ते धूड मी खोक्यातून बाहेर काढलं, ब्रशने झाडलं आणि त्याच्या पंख्यातून तुझे दोन लांब केस ओढून काढले. बॅटरी धरायला तुझ्या नवऱ्याला उभं केलं होतं. मेन स्विच बंद आहे हे त्याने स्वतः तीनदा जाऊन पाहिलं, तरी स्वारी रबरी चपला घालून दारातच. माझ्या पोटी हा गाण्याचा मास्तर कसा निपजला, देव जाणे.

त्या दिवशीचं तू विसरली नसशील. मागच्या खोलीतलं सॉकेट वितळलं, घरभर वास सुटला, आणि तुझे आईवडील चहाला आलेले असताना मी घर डोक्यावर घेतलं. विजेतलं ओ की ठो कळत नाही आणि निघाली यंत्रं चालवायला, असं बरंच काही बोलले. तू यंत्र खोक्यात भरलंस आणि आठवड्याने ऑफिसच्या ट्रेनिंगला निघून गेलीस. तेव्हापासून फोनवर माझ्याशी अशी बोलतेस, जशी बँकेतल्या खिडकीपलीकडच्या बाईशी. आणि गेल्या आठवड्यात लेकाच्या तोंडून निसटलं, की तुम्ही भाड्याची जागा बघताय. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे एव्हाना तुला कळलं असेलच. मला दोन दिवस जेवण गेलं नाही, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी मी पक्कड उचलली. तुझं यंत्र तीन हजार वॅट खातं, तेही न थांबता. मिक्सरसारखं दोन मिनिटं घुरघुरून गप्प बसत नाही. म्हणून मेन बोर्डापासून थेट वेगळी लाइन ओढली, चार एमएमची वायर, तिचा स्वतःचा एमसीबी खटका, अर्थिंग तपासून घेतलेलं. एक्स्टेंशन बोर्डाला त्या खोलीत मज्जाव केलाय. मग आला यंत्राचा पॉवर सप्लाय, त्याला वीज पुरवणारा डबा. खोक्यात दोन निघाले, एक जुना, आणि दोघांच्या वायरींची टोकं हुबेहूब सारखी. बसतंय ना, मग लाव, असं म्हणून मी जुन्याची वायर नव्याला लावणारच होते. तेवढ्यात तिला बांधलेली तुझी इवलीशी चिठ्ठी दिसली. ही दुसऱ्या सप्लायची, आतली जोडणी वेगळी, लावू नये. लावली असती तर यंत्राचा कोळसा झाला असता! या चिठ्ठ्यांवरून मी तुला किती चिडवलं होतं, आठवतंय? मग नव्याचीच वायर घेतली, एकेक टोक खट्ट आवाज येईपर्यंत दाबलं, ओढून बघितलं, आणि इतकी खूश झाले की शीळ घातली. मास्तर म्हणाले, बेसूर आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. वितळलेलं सॉकेट काढलं, तर मागे दीड एमएमची वायर. दिव्यापुरती ठीक, पण तुझ्या यंत्रापुढे नुसती सुतळी. कुठल्या गाढवाने ही घातली म्हणून शिव्या हासडायला मी तोंड उघडलं, आणि वायरीवर गुंडाळलेली करपलेली चिकटपट्टी दिसली. ‘बारीक वायर, बदलायची.’ अक्षर माझं. अकरा वर्षांपूर्वी ही खोली वाढवताना संध्याकाळी जाड वायर संपली, दुकानं बंद झाली होती, उद्या बदलू म्हणून मीच ती घातली आणि साफ विसरले. सॉकेट जाड प्लगचं आहे म्हणजे वायरही तशीच असणार, या भरवशाने तू प्लग लावलास. तुझं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती आणि ओरडले तुझ्यावर. मला माफ कर. जागा घ्यायची तर खुशाल घ्या, तिथली लाइनही मीच ओढेन, वायर जास्तीची आणून ठेवलीय. पण रविवारी तू येशील तेव्हा तुझे आईवडीलही चहाला येतायत, मी बोलावलंय. तो चिकटपट्टीवाला तुकडा कापून जपून ठेवलाय. ज्यांच्यासमोर ओरडले, त्यांच्यासमोरच तो मोठ्याने वाचून दाखवणार आहे. सगळ्यांचं हसून झालं की यंत्राचं बटण तू दाबायचं. मी अजून त्या बटणाला हात लावलेला नाही.

तुझीच,
विसरभोळी वायरवाली सासू