रिकामे रकाने

मंगळवार, ऑगस्टअखेर. संध्याकाळ.

बूट दारातच आहेत. मिठाचा थर आहे, पण एकही माशी चिकटलेली नाही. एरवी झटकून झटकून वैताग येतो.

लॅबमधून दर आठवड्याला माश्या मोजायला जाणारा निखिल आजारी, म्हणून महिनाभराने आज तळ्यावर मी गेले. काठावर पाय ठेवला की खाऱ्या पाण्यावरच्या माश्यांचा काळा पट्टा समोरून उठतो. आज काहीच उठलं नाही. पाण्यातले दगड उलटे केले, त्यांना अळ्याही नव्हत्या.

निखिलच्या शीटमध्ये तीन आठवडे माश्यांचे रकाने रिकामे होते. आमच्या लॅबमध्ये रिकामा रकाना म्हणजे मोजणीच झाली नाही. मला वाटलं, नवीन पोरगा, उन्हात जायचा आळस केला असेल. त्याला झापलं, ते आठवडे गाळून सरासरी काढली आणि रिपोर्ट पाठवला. सगळं नॉर्मल म्हणून.

घरी आल्यावर त्याला फोन केला.

"अगं ताई, गेलो होतो ना मी. एकही दिसली नाही, मग लिहू काय?"

"शून्य लिहायचं रे."

"शून्य लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, गेलाच नाही."

म्हणालेच असते. मग चिडले कोणावर?

आता त्या तीन आठवड्यांची आणि आजचं, अशी चार शून्यं भरली. रिपोर्ट चुकला, अशी सरांना मेल लिहायची आहे. परत बुटांकडेच लक्ष जातंय.

निघताना पक्षी उतरत होते. दरवर्षी उत्तर अमेरिकेतल्या या तळ्यावर माश्या खाऊन अंगावर चरबी चढवतात, मग थेट दक्षिण अमेरिका गाठतात. पाण्यावर भिंगरीसारखे फिरत होते, चोच बुडवत होते. बुडवतच होते.