कठड्याचं टोक

१२ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर वहिनीपाशी नुसती रडले, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागत नसेल तर सांभाळून घे.

मंगळवारी दुपारी हे चष्म्याचं दुकान बंद करून नव्या महामार्गाने घरी येत होते. शिंक आली. एक शिंक, दादा! गाडी जराशी कडेला गेली आणि लोखंडी कठडा जिथे सुरू होतो, ते उघडं टोक सरळ आत घुसलं. यांचा डावा पाय गुडघ्याखाली तोडावा लागला. टोक तेवढ्यावर थांबलं नाही, मागच्या सीटमधून आरपार गेलं. ती आपल्या चिमणीची जागा. नाटकाच्या तालमीसाठी ती त्या दिवशी शाळेत थांबली होती. मी ती सीट डोळ्यांनी पाहिली.

येणारा-जाणारा म्हणतो, डुलकी लागली असेल. हेही मान खाली घालून ऐकतात. तू जन्मभर रस्त्यांचे आराखडे काढलेस. कठडा माणसाला वाचवायला असतो ना रे?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठमी

१७ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. तुझ्या वहिनीने विचारलं तर पत्रच तिच्या हातात दिलं.

होय गं, वाचवायलाच असतो. पण त्याचं टोक येणाऱ्या गाडीवर भाल्यासारखं रोखून ठेवायचं नसतं. ते रस्त्यापासून लांब वळवून मातीच्या बांधात पुरतात, नाहीतर धडकेसरशी मागे सरकत चुरगळेल असं बसवतात. माणूस शिंकणार, दचकणार, क्षणभर चुकणार, हे धरूनच रस्ता आखायचा असतो. जावईबापूंना माझ्या नावाने दम दे, मान वर करा म्हणावं. रविवारी पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस, तुझ्यापेक्षा रिक्षावाला बरा चालवतो.

तुम्हा तिघांचा,
दादा

२ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तू गेल्यावर महामार्गाच्या कचेरीतून बोलावणं आलं. आम्ही दोघं गेलो. मोठ्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, आणि वेग जास्त असावा, झोप आली असावी, हेच पालुपद लावलं. तू इथे असताना महामार्गावर काढलेले फोटो मी टेबलावर मांडले. प्रत्येक फाट्यावर तसंच उघडं टोक. साहेब म्हणाले, बघू.

तेवढ्यात हे कुबड्यांवर उठून उभे राहिले. म्हणाले, शिंक माझीच होती, ती मी नाकारत नाही. पण शिंकेला एवढी शिक्षा कुणी ठरवली? आणि मागच्या सीटचा फोटो पुढे सरकवला. ही जागा कुणाची, असं साहेबांनी विचारलं. माझ्या मुलीची, म्हणाले. साहेबांनी फोटो हातात घेतला तो खाली ठेवेचनात. काल टोकं बदलायला माणसं आली.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
ठमी

९ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

घरी पोचल्या पोचल्या लिहायला बसले. आज मी गाडी चालवत होते, हे शेजारी. तू हसशील, पण आता मीच चालवते. पुढची गाडी एकदम कडेला गेली आणि त्याच जागी कठड्यावर आदळली. तोच आवाज असणार, दादा. यांनी डोळे गच्च मिटले. मी ब्रेक दाबून गाडी थांबवली. आता काय बघावं लागणार, या विचाराने मला दार उघडवेना.

दार त्या गाडीचं उघडलं. एक बाई स्वतःच्या पायांनी खाली उतरली. कपाळ फुटलेलं, बाकी धडधाकट. नवं टोक पत्र्याच्या डब्यासारखं चुरगळून मागे सरकलं होतं. हे कुबड्या टेकत तिच्यापर्यंत गेले. काय झालं, विचारलं. गाडीत मधमाशी शिरली होती, म्हणाली.

हे रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि ढसाढसा रडले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. त्या बिचारीला वाटलं, आपल्यामुळेच यांना लागलंय. कपाळाचं रक्त पुसत ती यांची माफी मागत राहिली.

तुझ्या आशीर्वादात आम्हा तिघांना असंच धरून ठेव.
ठमी