आयसो कोण?

तीर्थरूप बाबा,

पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे. मी मजेत आहे. खोलीला मोठी खिडकी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे? आईला विचारून खरं लिहा.

स्टुडिओच्या बाई कडक आहेत, पण जीव लावून शिकवतात. परवा एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो काढताना त्या म्हणाल्या, "आयसो बघ जरा!" मला वाटलं, आयसो नावाचं कुणी माणूस आहे. मी बाहेर जाऊन सगळ्यांना विचारत सुटले. तोवर आजोबा बसून बसून कंटाळले. नंतर कळलं, कमी उजेडात कॅमेऱ्यावर वाढवायचा तो आपला आय-एस-ओ! तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून फोटो काढायचं मला सगळं वहीत लिहून शिकवलंत; आपल्या घरात हे शब्द कधी कुणी उच्चारलेच नव्हते.

सगळे खूप हसले. बाईंनी विचारलं, "कुणी शिकवलं तुला?" मी घाबरून म्हणाले, "पुस्तकातून शिकले."

त्या दिवसापासून घास गोड लागत नव्हता. आज जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी लगेच एका कागदावर असे सगळे शब्द इथे बोलतात तसे लिहून माझ्या हातात दिले. मला कामावर कायम ठेवायचं की नाही, ते शनिवारी ठरेल.

बाबा, मी तुमचं नाव घेतलं नाही, याचा राग आला असेल तर तसं लिहा. पण लिहा.

तुमची,
धाकटी