दादाचा फुकटचा सल्ला

४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. निवृत्तीनंतर पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा मदतनीस, व्हायचं ठरवलंस तेव्हा आनंद झाला होता. मी वकिलांच्या ऑफिसात हेच काम करते, म्हणून सगळं सविस्तर कळवलं होतं: कोर्स कर, टायपिंग सुधार, मग एखाद्या वकिलाकडे उमेदवारी कर. कागद लावायचे, तारखा सांभाळायच्या, मसुदे करायचे. सल्ला मात्र वकिलानेच द्यायचा, हे अधोरेखित केलं होतं.

आणि तू चार धडे होतात न होतात तोच खालच्या शिंपीणबाईंना सांगून मोकळा, की दुकान खाली करण्याच्या नोटिशीला उत्तर द्यायची गरज नाही! अरे, गप्प बसल्या तर मालक म्हणेल, बाईंना सगळं कबूल आहे. त्यांचं पोट भरतं ते त्या दुकानावरच ना? मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे. पत्र मिळताच खाली जा, चुकलो म्हण आणि त्यांना वकिलाकडे ने. वहिनीला नमस्कार, तुला नाही.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.
तुझी बेबी

१२ जून

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

वयाने मोठा म्हणून आशीर्वाद देतो, एरवी अधिकार उरलेला नाही. गेलो खाली. बाई काजं करत होत्या. चुकलो म्हटल्यावर सुई तशीच हातात राहिली. म्हणाल्या, तुम्ही इतकं ठासून सांगितलंत, म्हणून मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली होती. बेबी, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारीच त्यांना घेऊन एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी भाडेकरार मागितला, प्रश्न विचारले. मी मध्येच बोलू लागलो, तर शिंपीणबाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. काल उत्तर गेलं. दुकान राहील की नाही, याचा शब्द वकीलबाईंनी दिला नाही.

मी बाईंच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज सकाळी त्याच वर आल्या. म्हणाल्या, वकीलबाई भराभर बोलतात, मला अर्धं कळत नाही. सोमवारी पुन्हा बोलावलंय, तुम्ही बरोबर या, त्या काय सांगतात ते लिहून घ्या. दारातून वळून एवढंच म्हणाल्या, “फक्त लिहून घ्यायचं हं.”

जातो आहे. राग उतरला की ख्यालीखुशाली कळव. तोवर तुझ्या वहिनीची बोलणी ऐकून घेतोच आहे.

तुझा,
दादा