कल्याणीचा मुगुट

धनकवडी, पुणे
८ जुलै २०२४

ती. संजयदादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहावं तर तुझं सगळं घर तुझ्याआधी वाचतं, म्हणून पोस्टाला कामाला लावलंय. हे तू आणि हिरावहिनी दोघांनीच वाचा.

आमच्या चर्चच्या भजनमंडळात माधव साळवे तबला वाजवतात. डेअरीतून निवृत्त झालेत, पत्नी कोविडमध्ये गेली, कात्रजला एकटेच राहतात. काल उपासनेनंतर चहा घेताना त्यांनी मला विचारलं, लग्न कराल का माझ्याशी. मी म्हणाले, तुमचा चहा निवतोय. एवढंच सुचलं.

दादा, मला बरं वाटलं. निवृत्त झालेली, केस पिकलेली बाई मी, हे लिहितानाही कान गरम होतात.

लपवाछपवी नको म्हणून घरी आल्याबरोबर सासूबाईंना सांगितलं. तुला माहीतच आहे, रणजित गेले तेव्हापासून प्रत्येक प्रार्थनासभेत त्या बायकांना सांगत आल्या आहेत की विश्वासू विधवेसाठी प्रभूनं मुगुट राखून ठेवलाय, आमच्या कल्याणीचा तर केव्हाच घडवून झाला असेल. मलाही त्याचा आधार होता. हॉस्पिटलातून दमून यायचं आणि त्यांचे पाय चेपायला बसायचं, तेव्हा वाटायचं, वरून कुणीतरी बघतंय. काल त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, मुगुट चढवायची वेळ आली आणि हिनं डोकंच बाजूला घेतलं. तेव्हापासून आमचं बोलणं आमटीतल्या मिठापुरतं उरलंय.

इतक्या वर्षांचं सगळं एका होकारानं पुसलं जातं का रे? तू पाळक होतास. भाऊ म्हणून नको, पाळक म्हणून सांग.

रागावला नाहीस तर लगेच लिही, रागावलास तर त्याहून लगेच.

प्रभूमध्ये तुझी,
कल्याणी


जालना
१५ जुलै २०२४

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हिरानं आधी वाचलं. तिला तबलजींचा फोटो हवा आहे. तो पाठवल्याशिवाय तिच्याकडून तुला एक ओळही मिळणार नाही.

आता पाळक म्हणून. शास्त्र प्रतिफळाबद्दल बोलतं, आणि ते मी तुझ्या सोयीसाठी पातळ करणार नाही. तहानलेल्याला दिलेलं पेलाभर पाणीसुद्धा प्रभू विसरत नाही. तू परक्यांच्या जखमा धुतल्यास, सासूला आई मानलंस, हे तो विसरेल? पण विधवेनं विश्वासातल्या माणसाशी लग्न केलं तर तिचा वाटा कापला जातो, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी चष्मा लावून पुन्हा शोधलं. मुगुट विश्वासूपणाला आहे गं, एकटेपणाला नाही.

आपण नगरच्या बोर्डिंगात होतो तेव्हाचं आठवतं? तुला भाषणाचा कप मिळाला होता आणि सुटीत घरी येताना सगळ्या प्रवासात तू तो मांडीवर धरून बसली होतीस. स्टँडवर बाबा उभे होते. त्यांनी कपाकडे पाहिलंही नाही, तुझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिले. तू घरी येईपर्यंत रुसली होतीस. मुगुटांवर मी जन्मभर प्रवचनं दिली, पण आता म्हातारपणी मला तेच आठवतं. प्रतिफळ म्हणजे आपल्याला पाहून उजळलेला तो चेहरा असेल. शेवटी प्रकटीकरणाच्या पुस्तकात स्वर्गातले वडीलजनसुद्धा आपापले मुगुट काढून देवाच्याच पायाशी ठेवतात ना?

सासूबाईंवर चिडू नकोस. मुगुटाचं नाव घेऊन त्या दुसरंच काही बोलत असाव्यात.

तुझ्या होकाराची किंवा नकाराची, जे खरं असेल त्याची, वाट पाहतो.

तुझा,
संजयदादा


धनकवडी, पुणे
२२ जुलै २०२४

रा. रा. संजयराव पाळकसाहेब यांना,
गोदाबाईचा सलाम.

तुमचं पत्र कल्याणीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्याबद्दलचं वाक्य गाळलं. मी जन्मभर शाळेत मुलांचं वाचन ऐकलंय, कोण कुठे ओळ चोरतं ते मला कळतं. मग मागून घेऊन स्वतः वाचलं. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, म्हणून हे पत्र.

माझा रणजित वर आहे. तो तिची वाट बघतोय, ती गेली की दोघं पुन्हा एकत्र होतील, हे धरून मी इतकी वर्षं काढली. आता ती दुसऱ्याची झाली, तर तिकडे तो कुणाचा? त्याच्याजवळ कोण बसेल? लहानपणी त्याला एकट्याला जेवायला आवडत नसे. मुगुटाचं राहू द्या. माझं पोर तिथे एकटं पडेल का, एवढंच सांगा.

कल्याणीविषयी तक्रार नाही. मी न्हाणीघरात पडले तेव्हा तिनं मला तान्ह्या पोरासारखं उचललं होतं. हे तिला मी कधी बोलले नाही, तुम्हीही बोलू नका.

उत्तर थोडक्यात द्या. लांब प्रवचनाला माझे गुडघे बसू देत नाहीत.

आपली,
गोदाबाई


जालना
२९ जुलै २०२४

ती. गोदामावशींना,
मनापासून सलाम.

थोडक्यात सांगतो. रणजितराव एकटे पडणार नाहीत.

हाच प्रश्न लोकांनी प्रभूला विचारला होता. एका बाईनं एकामागून एक सात भावांशी लग्न केलं, तर तिथे ती कुणाची बायको? तो म्हणाला, तिथे लग्नं नसतात. तरुणपणी मला हे उत्तर फार कोरडं वाटायचं. पुढे कितीतरी नवराबायकांना मूठमाती दिली, आणि मग जरा उमगलं. इथे आपलं प्रेम थोडं असतं, म्हणून ते कुणाच्या वाट्याला किती, याची आपल्याला काळजी. तिथे ते कमी पडत नाही. जो प्रभूच्या पंगतीला बसलाय त्याच्या शेजारचं पान रिकामं कसं राहील? तिथला नकाशा माझ्याकडे नाही, मावशी, पण यजमान कोण आहे ते मला ठाऊक आहे.

तिकडच्या लेकाला त्याच्यावर सोपवा. आणि इकडे कुणी एकटं पडेल अशी धास्ती असेल, तर ती मला नको, कल्याणीला सांगा.

आपल्या आशीर्वादात मलाही धरा.

आपला,
संजय


धनकवडी, पुणे
७ ऑगस्ट २०२४

ती. संजयदादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तू सासूबाईंना काय लिहिलंस ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काल मी भाजी घेऊन आले तर दाराला कुलूप. शेजारची पूर्णिमा म्हणाली, आजी रिक्षा करून गेल्या, कुठे ते विचारलं तर म्हणाल्या, कामाला.

मी भाजीची पिशवी तिच्याकडेच ठेवून शोधायला निघाले. तेवढ्यात माधवरावांचा फोन आला की त्या कात्रजला त्यांच्या घरी आहेत. त्यांनी सगळं घर पाहिलं म्हणे. नळ सोडून पाहिले, जिना मोजूनमापून चढल्या, न्हाणीघरात धरायला दांडी का नाही म्हणून जाब विचारला. मग तबला वाजवायला लावला आणि डावा हात जड पडतो म्हणून सांगितलं. माधवरावांनी त्यांना स्वतः रिक्षानं घरी आणून सोडलं आणि जाताना मला हळूच म्हणाले, प्लंबरला बोलावलंय.

सासूबाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, पूर्वेची खोली मी घेतलीय, ऊन चांगलं येतं. मला काही समजेना. तशा म्हणाल्या, अगं, मला इथे एकटीला ठेवून जाणार होतीस की काय? मी म्हणाले, तुम्हाला सोडून मी कुठेच जाणार नव्हते, म्हणून तर अजून उत्तर दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, मग दे आता. तो बिचारा चहा निववत बसलाय.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले रे. रडता रडता विचारलं, आणि रणजित? त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, कितीतरी वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, तुझ्याआधी मी जाणार आहे. त्याला मी सांगेन. तो माझं ऐकतो.

लग्न २६ ऑक्टोबरला आहे. लावायचं तू. फोटो सोबत ठेवलाय, त्यात तबल्यामागे बसलेले माधवराव आहेत आणि त्यांच्या शेजारी, कॅमेऱ्याकडे रागानं बघणाऱ्या, सासूबाई.

हिरावहिनीला घेऊन चार दिवस आधीच या. माया आहे तशीच असू दे.

प्रभूमध्ये तुझी,
कल्याणी