वेलखिंडीची शंभर घरं

वेलखिंड,
ता. ८ मार्च २०२५

ती. अ‍ॅलिस आत्या हिस,
हॅन्सेलचा सा. न. वि. वि.

लान्सी उद्या बहरीनला परत निघतोय, म्हणून घाईत लिहितो. फोन केला असता, पण त्यावर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकत नाहीस. सोबत उन्हात वाळवलेली सुकेळी आहेत. ती सॅब्रिना आणि जावईबापूंनाही द्यावीस.

बातमी बरी नाही. आपल्या देवळाचा धर्मग्राम यंदा ऐंशी वर्षांचा झाला आणि ऐन ऐंशीत मोडायची वेळ आली आहे. मे महिन्यात, संत इसिदोरच्या सणाआधी, बिशप हाऊसची माणसं घरं मोजायला येणार. शंभर उघडी घरं भरली तर आपला फादर आपल्याकडे राहील. नाहीतर आपल्याला पलीकडच्या मोठ्या धर्मग्रामाला जोडणार आणि देवळात महिन्यातून एक मिस्सा होणार. कुलूपबंद घर धरणार नाहीत. मी वहीत दोनदा मोजली. त्र्याण्णव भरतात. त्यात तुझं घर नाही, राग मानू नये.

बिशपना विनंतीपत्र देतोय, त्याला गावचा इतिहास जोडायचा आहे. पहिल्या गणतीच्या वेळी आपल्याकडे पुरी शंभर घरं होती असं दप्तरात आहे. ती गणती पाहिलेली तू एकटीच उरली आहेस. आठवेल ते लिहून कळव. मात्र खरं तेवढंच.

लहान तोंडी मोठा घास झाला असल्यास क्षमा. आशीर्वाद आहेतच, ते पत्रातूनही यावेत.

तुझा,
हॅन्सेल


अराद, बहरीन,
ता. १५ मार्च २०२५

चि. हॅन्सेल यास,
आत्याचे अ. आ.

सुकेळी पोचली. जावयानं दोन खाल्ली, नातीनं वास घेऊन नो थँक यू म्हटलं, बाकीची माझ्या पोटात सुखरूप आहेत. यंदा आमचा उपवासकाळ आणि शेजारच्या हमीदाचा रमझान एकदमच आलाय. काल शुक्रवारी तिनं नेमकी हरीस पाठवली, म्हणजे गहू नि मटण घोटून केलेली खिमट. शुक्रवारी मटण कसं खायचं? फ्रिजमध्ये ठेवलं आणि आज सकाळी उठल्या उठल्या देवाचं नाव घेऊन संपवलं.

आता तुझा इतिहास. खरं तेवढंच पाहिजे ना? मग आधी खुर्चीत नीट बैस, मास्तर.

आपली माणसं वसईच्या किनाऱ्यावरून आली, हे तू पोरांना शिकवलंच आहेस. विहिरींना खारं पाणी लागलं, वाड्या बसल्या, तेव्हा केळीचे लावणीचे मोनवे आणि पानवेलीची बेणी डोक्यावर घेऊन सगळी खाडी ओलांडून डोंगराखाली आली. कुडाचं देऊळ बांधलं. पण फादर यायचा दोन महिन्यांतून एकदा, बैलगाडीनं. माणूस मेलं तर पुरायलाही फादर नसायचा. माझी धाकटी बहीण अशीच गेली, तिच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी शेजारणीनं घातलं. म्हणून गावानं आपला फादर मागितला. तेव्हाही अट हीच होती, शंभर घरं. आणि घरं होती चौसष्ट.

चूल पेटलेली दिसली की घर मोजायचं, असा मोजायला आलेल्या फादरचा नियम. तुझा आजा, म्हणजे माझा बाबा इनास, गावचा पुढारी होता. त्यानं छत्तीस गोठे आणि खोपटी शेणानं सारवून घेतली, दारांवर क्रूस ठोकले आणि आत चुली मांडल्या. फादर गोरा, लठ्ठ, वाटेनं सावकाश चालणारा. आपली माणसं बांधाबांधानं पुढं पळणारी. मी सहा वर्षांची होते, मला चार घरांत बसवलं. पहिल्यात मी अ‍ॅलिस, दुसऱ्यात रोझा, तिसऱ्यात टोपी घालून जुझे. चौथ्यात कोण, ते आईनं पळता पळता सांगितलं आणि मी विसरले. नेमकं तिथंच फादरनं नाव विचारलं. मी तिन्ही सांगून टाकली.

बाबाचं तोंड पांढरंफटक पडलं. फादर मात्र पोट धरून हसला, मला पेपरमिंटची गोळी दिली आणि वहीत शंभर लिहून गाडीत बसला.

जोड हे विनंतीपत्राला! इथं असलं काही चालत नाही बाबा, एका माणसाला एकच कार्ड, अंगठा दिला की खलास. पण तुमच्याकडे गोठे अजून आहेत आणि तुला सातच कमी पडतायत. शहाण्याला शब्दाचा मार.

लोभ वाढवू नकोस, या वयात मला पेलायचा नाही. आहे तेवढा सांभाळ.

तुझी,
अ‍ॅलिस आत्या


वेलखिंड,
ता. ३० मार्च २०२५

ती. अ‍ॅलिस आत्या हिस,
हॅन्सेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि बायकोच्या हाती लागू नये म्हणून शब्दकोशात लपवलं. तिथं ती कधी जात नाही.

आत्या, मी चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, एकही खोटी लावली नाही. गोठ्यांचं नाव काढू नकोस. आता मोजणारे टॅब घेऊन येतात, घरातल्या माणसांचे फोटो काढतात. कुटुंबप्रमुख म्हणून म्हैस दाखवू का?

विनंतीपत्रात मी एवढंच लिहिलं की पूर्वजांनी अपार धावपळ करून शंभर घरं उभी केली. यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला बजावतो आहे.

पण खरं सांगतो, मला धीर उरलेला नाही. ख्रिसमसला देऊळ बंद आणि आपण टेम्पोत बसून दुसऱ्यांच्या देवळात मागच्या बाकावर, हे मला बघवणार नाही. काही सुचलं तर कळव. सरळ मार्गाचं सुचलं तरच.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
हॅन्सेल


अराद,
ता. १२ एप्रिल २०२५

चि. हॅन्सेल यास,
आत्याचे अ. आ.

तू लहानपणी कन्फेशनला जाताना पापांची यादी वहीत लिहून न्यायचास आणि खाली सही करायचास. तुझ्याकडून गोठ्यात चूल पेटणार नाही, हे मला कळायला हवं होतं. म्हणून तुझ्या सरळ मार्गानं कामाला लागले.

आपल्या गावच्या निम्म्या किल्ल्या इथं बहरीनमध्ये लोकांच्या खिशात फिरतायत. इथं सुट्टी शुक्रवारची, त्या दिवशीच्या मिस्सानंतर मी मनामाला देवळाच्या फाटकात काठी आडवी धरून उभी राहते. पहिला सापडला लान्सी. त्याची आई विरारला लेकीकडे कुढत बसलीय आणि गावात घर बंद. मग इथल्याच जिदहफ्स वस्तीतला एक, बुसैतीनचे दोघे, असे करत सहा धरले. कुणाचा भाऊ उगाच शहरात भाड्यानं राहतो, कुणाचे आईबाप. आधी सगळ्यांनी मान डोलावून इंशाल्ला म्हटलं. मी म्हटलं, तुमचं इंशाल्ला म्हणजे नाही, हे मला दोन वर्षांत कळलंय, तारीख बोला. लान्सी म्हणतो, आत्या, तुम्ही इमिग्रेशनला हव्या होतात.

सहा घरं ईस्टरनंतर उघडतायत, कायमची. नव्याण्णव झाली. एक तू बघ.

माझ्या घराचं विचारू नकोस. मी विहिरीपाशी पडले आणि तासभर कुणाला कळलं नाही, हे सॅब्रिना विसरत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. मी इथं मजेत आहे. संध्याकाळी हमीदाबरोबर अरादच्या जुन्या किल्ल्यापर्यंत चालते. ती अरबीत बोलते, मी आपल्या बोलीत, भांडण होत नाही.

ईस्टरला पोटभर खा. आठवण काढताना हात आखडू नकोस.

तुझी,
अ‍ॅलिस आत्या


वेलखिंड,
ता. २० मे २०२५

ती. अ‍ॅलिस आत्या हिस,
हॅन्सेलचा सा. न. वि. वि.

धर्मग्राम वाचला. शंभर भरली. आता नीट बसण्याची पाळी तुझी.

दहा तारखेला एक तरुण फादर आणि एक सिस्टर आली. मी वही घेऊन बरोबर होतो. तुझी सहाही घरं उघडी होती. लान्सीच्या आईनं तर सिस्टरला बळेच दोन वेळा सरबत पाजलं. संध्याकाळपर्यंत नव्याण्णव झाली. शंभरावं मला कुठूनही मिळालं नव्हतं आणि मी तसं सांगणारच होतो.

परतताना तुझ्या घरावरून आलो. सणासाठी म्हणून मी ते सकाळी उघडून झाडलं होतं, पडवीत तुझी गोधडी उन्हात टाकली होती. दार सताड उघडं. सिस्टरनं विचारलं, इथं कोण राहतं. मी म्हटलं, माझी आत्या. तिनं विचारलं, कुठं गेल्या. मी म्हटलं, लेकीकडे. इथवर सगळं खरं होतं. मग तिनं विचारलं, येणार ना परत? आणि आत्या, माझ्या तोंडून निघून गेलं, की येईलच एवढ्यात. फोटो मी नंतर पाठवतो म्हणालो. तिनं टॅबवर बोट टेकवलं.

तीन दिवस मला घास उतरला नाही. शेवटी आपल्या फादरकडे कन्फेशनला गेलो. जाळीपलीकडे तो बराच वेळ खोकत होता, मला वाटतं हसत होता. मग म्हणाला, बिशपना सांगायचंच म्हणशील तर सांग, पण त्याआधी बोललेलं खरं करता येतं का ते बघ. प्रायश्चित्त तेवढंच.

मी वाकून सांगतो, माझ्या जन्माचं एकच खोटं आहे आणि ते तुझ्या नावावर आहे. ये.

प्रेम होतंच. आता उपकारही कर.

तुझा,
हॅन्सेल


अराद,
ता. ३१ मे २०२५

चि. हॅन्सेल यास,
आत्याचे अ. आ.

तुझं पत्र मी सॅब्रिनाला मोठ्यानं वाचायला लावलं. चष्मा सापडत नाही म्हटलं. तो माझ्या डोक्यावरच होता, तिनं पाहिला आणि तरी वाचलं.

वाचून ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी आपटली. बाहेर येऊन म्हणाली, तुला जायचंय का? मी सुरू केलं, की मला कशाला, पण बिचाऱ्या हॅन्सेलचा आत्मा नरकात जाईल. ती म्हणाली, हॅन्सेल मरू दे, तुझं सांग.

आणि मेल्या, मला रडूच फुटलं. दोन वर्षं मी तिला सांगत आले, की इथं छान आहे. एसी छान, भाजी छान, शेजार छान. पोरगी हॉस्पिटलात दिवसभर उभी राहून दमून येते, तिला कुठल्या तोंडानं सांगू की मला घरी जायचंय? तू एकदा खोटं बोललास आणि तीन दिवस उपाशी राहिलास. मी रोज बोलत होते आणि वर जेवतही होते.

ती पण रडली. मग डोळे पुसून तिनं अटी घातल्या. विहिरीकडे मी जायचं नाही. तू सकाळ-संध्याकाळ येऊन माझी हजेरी घ्यायची आणि तिला कळवायची. एक दिवस चुकलास तर ती स्वतः येऊन मला परत नेईल. तिकीट चौदा जूनचं काढलंय, लान्सी सोबत आहे.

सिस्टरला फोटो पाठवायचा राहिलाय ना? पंधरा तारखेला सकाळी ये, मी चांगलं लुगडं नेसून पडवीत बसते. नाव विचारलं तर या वेळी एकच सांगेन.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समोर बसून कर.

तुझी,
अ‍ॅलिस आत्या