हॉलमधलं पोर्ट्रेट

बोईसर,
११ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. मंजुळा हिस,

तुला, जावईबापूंना आणि पोरांना आशीर्वाद. कराडला थंडी पडली असेल. इथं अजून घाम येतो, आणि वारा फिरला की कारखान्यांचा वास थेट ताटात येतो. शिवाजी म्हणतो, सवय होते. त्याला झाली असेल. माझी तब्येत बरी आहे, निदान मला तसं सांगण्यात येतं.

हे पत्र मी स्टेशनाजवळच्या हॉटेलात बसून लिहितोय आणि पेटीत टाकणारही माझ्याच हातानं. घरात आता कुणाचा भरवसा राहिला नाही. तुझाही कितपत धरावा ते पुढं वाच.

दिवाळी झाल्यापासून माझ्यामागं काहीतरी शिजतंय. मी खोलीत पाऊल टाकलं की बोलणं थांबतं आणि सूनबाई एकदम म्हणते, "आबा, चहा टाकू?" एवढा चहा तिनं लग्न होऊन आल्यापासून विचारला नव्हता. मी एसटीत जन्म काढला. बिनतिकिटाचा माणूस कंडक्टर जवळ आला की जसा खिडकीबाहेर बघायला लागतो, तसा तुझा भाऊ हल्ली जेवताना बघतो.

मग त्यानं हॉलमध्ये सोफ्याच्या वर, टेपनं मोजून, एक दणकट खिळा ठोकला. खिळ्याला काही नाही. विचारलं तर म्हणाला, "वास्तुशांतीच्या आत पोर्ट्रेट लावायचंय."

"म्हणजे फोटो," मी म्हटलं.

"फोटो वेगळा, आबा. फोटो कुणाचाही काढतात. पोर्ट्रेट म्हणजे हातानं रंगवलेलं, मोठं. आमच्या साहेबांच्या हॉलमध्ये आहे, त्यांच्या वडिलांचं."

"साहेबांचे वडील असतात कुठं?"

"ते नाहीत," म्हणाला, आणि पाणी प्यायला आत निघून गेला.

आता तूच सांग. आपल्या गावात माणूस एकटा, एवढा मोठा भिंतीवर कधी चढतो? हार तयार असल्याशिवाय नाही. त्यात गणपती झाल्यावर शिवाजीनं मला पालघरला नेऊन छातीचा एक्सरे काढून आणला होता. "नॉर्मल आहे" म्हणाला, पण फिल्म काही मला दाखवली नाही. मी मागितलीही नाही, खरं तर.

रविवारी एक माणूस आला. नखांत पांढरा रंग. शिवाजी म्हणाला, मित्र आहे. मित्र माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बशीतला चहा फुरकत नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि नाकाकडे जरा जास्तच. जाताना जिन्यात त्याचा आवाज आला, "बगितला तेवडा बस हाय. आता करतो पुरा."

माझं जेवण गेलं. सूनबाईला वाटलं भाजी आवडली नाही.

त्या माणसाचा पत्ता मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून काढला. कमलाकांत पेंटर, राहणार पाम, इथून जवळचंच गाव. दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावं आणि पोर्ट्रेट, सगळं करतो. काल शिवाजी पहिल्या पाळीला गेला, तसा मी फिरायला जातो म्हणून निघालो आणि पाम गाठलं. तो ओशाळला. नाही नाही म्हणत होता, पण मी स्टुलावर बैठकच मारली, तेव्हा त्यानं कापड बाजूला केलं.

मी कोटातला मी बघायच्या तयारीत होतो. समोर बाई होती. हिरवं लुगडं, मोठं कुंकू. खोटं कशाला बोलू, आधी मला हायसं वाटलं. मरणार नव्हतो मी. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. जवळ जाऊन पाहिलं तर ती तू होतीस. केस पिकवलेली, गाल उतरवलेली तू.

"ही तुमची बायको हाय, काका," तो खुशीत म्हणाला. "तिचा फोटो नाय, म्हणून पोरीच्या फोटोवरनं केली. पोरीला तुमचा नाक हाय, तुमची हनवटी हाय. म्हणून तर तुमाला बगाया आलतो. बापाचा सगला काडून टाकला का आई रायते."

म्हणजे तुझा फोटो तू पाठवलास. दिवाळीच्या पत्रात चकलीचं लिहिलंस, हे लिहिलं नाहीस.

मी त्याला म्हटलं, "बाबा रे, हिच्या गालांवर काही नाही. तिला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गाल खड्ड्यांनी भरलेले होते." त्यापायीच तिचा एकही फोटो नाही. कुणाच्या लग्नात फोटोवाला आला की ती भांड्यांपाशी जाऊन बसायची.

तो खाली बघायला लागला. "शिवाजीराव बोलले मना. पण ते काडू नको बोलले. हॉलमदी चार लोक येतात, चांगली दिसाया पायजे."

चांगली! मंजुळा, माझ्या अंगाची आग झाली. तिला जाऊन तीन वर्षं होत नाहीत तोवर तिच्या पोरानं तिला साहेबांसाठी गुळगुळीत करून घेतली.

पेंटर बिचारा म्हणाला, "मंग तुमी सांगा. कुठं कुठं होते? मी काडतो."

आणि मला सांगता येईना.

हेच मी एवढा वेळ लिहायचं टाळत होतो. एक्सरेला मी भीत नाही एवढा याला भितो. मला तुझ्या आईचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवतो, चालणं आठवतं, चेहऱ्याच्या जागी धूर. वर्षभर असंच चाललंय. म्हणून तर ते चित्र बघून धडकी भरली. ते हॉलमध्ये लागलं की रोज बघून बघून मलाही तीच बाई माझी बायको वाटणार, आणि खरी कुणाकडेच उरणार नाही.

शेवटच्या आजारपणात तिचं तोंड मीच ओल्या फडक्यानं पुसत होतो. मी डोळे मिटले आणि हात पुढं केला. रंग ओला होता. बोटं आपोआप चालली, डोळ्याखाली, ओठाच्या कडेला, कानापाशी दाट. पेंटर ओरडत होता, "काका, काय करता!" डोळे उघडले तर गालभर बोटांचे ठसे. आणि ती तुझी आई होती. मी तिथंच स्टुलावर बसून रडलो.

घरी मोठा तमाशा झाला. शिवाजी म्हणतो, आबांनी पोर्ट्रेटची वाट लावली. रात्री दोघं आत कुजबुजत होती, त्यात तुझं नाव ऐकलं. त्याचं पत्र तुला माझ्याआधी मिळेल. त्यात मला भ्रम झालाय असं असेल. असू दे. पेंटरला त्यानं सांगितलंय, घासून पुन्हा नीट कर. मी पेंटरला सांगितलंय, मंजुळाचं उत्तर येईपर्यंत हात लावशील तर बघ.

माझ्या बोटांवर मीही पुरता विश्वास ठेवत नाही. तू धाकटी, सगळ्यांत जास्त दिवस तिच्या कुशीत निजलीस. तिचा गाल तुझ्या कपाळाला लागायचा. भावाचं ऐकू नकोस, माझंही ऐकू नकोस. तुझ्या कपाळाला काय आठवतं, तेवढं मला खरं खरं लिही.

उत्तराची वाट बघणारा,
तुझ्या आईचा नवरा,
खंडेराव